बूट होताना "डेप्रिकेटेड" असं का येतं? ७९१ या आकड्याची गोष्ट

मागच्या रविवारी काकांचा फोन. "अरे, कंप्युटर चालू केला की काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ येते, डेप्रिकेटेड की काय ते, मग कुठलंही बटण दाबा म्हणतो, दाबलं की सुरू होतो. हार्ड डिस्क गेली का रे?" त्यांच्याकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यावर मीच कधीतरी लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून दिलेलं. फोटो मागवला तर ओळ अशी होती की व्हीजीए=७९१ हे डेप्रिकेटेड आहे, त्याऐवजी लिनक्स कमांडच्या आधी जीएफएक्सपेलोड (स्क्रीनचा मोड सांगणारी नवी सेटिंग) सेट करा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. डेप्रिकेटेड म्हणजे बिघडलेलं नाही आणि बंद झालेलंसुद्धा नाही. वाणी जीर्ण नोट घेतो पण घेताना म्हणतो, आज घेतो, पुढच्या वेळी नका आणू, तसंच हे. काम झालेलं असतं, फक्त सांगून ठेवलंय. हार्ड डिस्कचा आणि या ओळीचा काडीचा संबंध नाही.

पण मला खरा आवडतो तो हा ७९१. हा आकडा आला कुठून?

स्क्रीन किती बाय किती पिक्सेलची आणि रंग किती, याला मोड म्हणतात. १९८९ च्या सुमारास वेगवेगळ्या कंपन्यांची ग्राफिक्स कार्डं वेगवेगळ्या पद्धतीने चालायची, म्हणून व्हेसा नावाच्या संस्थेने मोडना सामायिक नंबर द्यायला सुरुवात केली. त्यात १०२४ बाय ७६८ पिक्सेल आणि ६५,५३६ रंग या मोडचा नंबर हेक्साडेसिमलमध्ये ११७. हेक्साडेसिमल म्हणजे १६ च्या पटीतलं मोजणं, तर ११७ म्हणजे २५६ अधिक १६ अधिक ७, झाले २७९. लिनक्सने व्हेसाचे मोड आपल्या यादीत घेताना प्रत्येकात ५१२ मिळवले. २७९ अधिक ५१२, बरोब्बर ७९१! आपल्या दहाच्या हिशोबात आकडा विचित्र दिसतो पण हेक्साडेसिमलमध्ये तो साधा ३१७ आहे. पुढे व्हेसाने नवीन नंबर देणंच थांबवलं, त्यामुळे आजच्या १९२० बाय १०८० च्या रुंद स्क्रीनला असा ठरलेला नंबरच नाही.

आता मुख्य भाग, इथे जरा सावकाश वाचा. पीसीचा प्रोसेसर चालू होतो तेव्हा तो स्वतःला १९७८ सालचा ८०८६ समजतो, १६ बिटचा, एक मेगाबाइटच्या आसपासच मेमरी दिसणारा. याला रिअल मोड म्हणतात. बायॉसला, म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेल्या प्रोग्रामला, "स्क्रीनचा मोड बदल" असं सांगायचं तर ते याच अवस्थेत सांगता येतं. एकदा प्रोसेसर ३२ बिटच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये गेला की बायॉसला सरळ हाक मारता येत नाही, मारायचीच तर परत खाली १६ बिटमध्ये यावं लागतं. म्हणून पूर्वी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सुरुवातीलाच एक छोटा १६ बिट तुकडा चालायचा, बूटलोडर (कर्नलला मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम) ७९१ हा आकडा कर्नलच्या हेडरमधल्या दोन बाइटच्या जागेत लिहून ठेवायचा, तो तुकडा आकडा वाचून बायॉसला मोड बदलायला लावायचा आणि मगच ३२ बिटमध्ये उडी.

ग्रब हा असाच एक बूटलोडर. नवीन ग्रब, म्हणजे ग्रब २, जो लिनक्सच्या उबंटू या प्रकारात २००९ च्या ९.१० आवृत्तीपासून आला, तो हे वेगळं करतो. तो कर्नलमध्ये थेट ३२ बिटच्या दाराने शिरतो, १६ बिटचा तुकडा चालतच नाही. मग ७९१ वाचणार कोण? म्हणून मोड लावायचं काम ग्रबने स्वतःकडे घेतलं, तो स्वतः खाली रिअल मोडमध्ये जाऊन बायॉसला सांगतो, परत वर येतो आणि स्क्रीनची मेमरी कुठे आहे, रुंदी किती, उंची किती, हे सगळं एका कागदावर लिहिल्यासारखं कर्नलच्या हातात देतो. जुन्या माणसांची अडचण होऊ नये म्हणून ग्रबच्या सोर्समध्ये त्या नंबरांचं एक टेबल अजून ठेवलंय, ७९१ दिसला की तिथे बघून अर्थ लावतो, मोड लावतो आणि ती ओळ दाखवतो. मला हे फार सुंदर वाटतं, जुनं मोडायचं नाही पण माणसाला सांगायचं नक्की.

आणि गंमत पुढेच आहे. आजकाल कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर मॉनिटरकडूनच त्याची माहिती मागून घेतो, मूळ माहिती फक्त १२८ बाइटची, आणि योग्य मोड स्वतः लावतो. म्हणजे बहुतेकांना ७९१ ची गरजच उरलेली नाही.

उपाय सोपा आहे. ग्रब मेनू दिसत असताना इंग्रजी ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतून व्हीजीएचा भाग पुसा आणि कंट्रोल एक्स दाबून बूट करा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो, काही चुकलं तर रीस्टार्ट केलं की पहिल्यासारखं. नीट चाललं तर उबंटू, डेबियन, मिंटमध्ये ईटीसी फोल्डरच्या डिफॉल्टमध्ये ग्रब नावाची फाईल आहे, तिच्यातून तोच भाग काढा, ठराविक मोड हवाच असेल तर ग्रब जीएफएक्सपेलोड लिनक्स या सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ असं लिहा (फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांत, सेटिंगच्या नावातल्या शब्दांमधे अंडरस्कोर आणि दोन आकड्यांमधे एक्स), आणि मग सुडो अपडेट-ग्रब चालवायला विसरू नका. ते न चालवता फक्त फाईल सेव्ह करून काहीच बदलत नाही, बरेच जण इथेच अडकतात.

एक मात्र मनापासून सांगतो. बूट ऑप्शन म्हणजे ताईत नव्हे. नोमोडसेट (कर्नलला स्वतः मोड लावू नको असं सांगणारा ऑप्शन) हा स्क्रीन काळीच राहत असेल तर तात्पुरता उपाय आहे, पण लोक तो वर्षानुवर्षं तसाच बांधून ठेवतात आणि मग व्हिडिओ अडकतो म्हणून कंप्युटरला दोष देतात. विंडोजमध्येही बूट सेटिंगमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवा, कंप्युटर पळेल असे व्हिडिओ फिरतात. ती सेटिंग मर्यादा घालण्यासाठी आहे, न निवडता ठेवली तर सगळे कोअर वापरलेच जातात. कृपया अशांवर विश्वास ठेवू नका.

काकांकडे संध्याकाळी जाऊन व्हीजीए=७९१ काढलं, अपडेट-ग्रब केलं, रीस्टार्ट. ओळ गेली. मग टर्मिनलमध्ये प्रोक फोल्डरची सीएमडीलाइन फाईल उघडून त्यांना दाखवली, कर्नलला या वेळी नेमकं काय सांगितलं गेलं ते तिथे जसंच्या तसं दिसतं. काकांनी चष्मा लावून पूर्ण ओळ वाचली आणि विचारलं, "मग यातलं क्वाएट म्हणजे काय?"