शुगर, कान आणि हवा एका गोष्टीत कशी आली

शुगरवाल्यांची वर्षाची तपासणी म्हणजे डोळ्याचा पडदा, पायाची बधिरता, क्रिएटिनिन, झालंच तर ईसीजी. कान कोण बघतं? टीव्हीचा आवाज वाढायला लागला की घरचे म्हणणार, वय झालं आता.

शुगरने कानही जातो ही शंका तशी जुनी आहे, एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टर लोक हे नोंदवत आलेत, पण मोठा आकडा हाती आला तो २००८ मध्ये. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या कॅथलीन बेनब्रिज आणि त्यांच्या टीमने सरकारी आरोग्य सर्व्हेतली ५१४० माणसं घेतली, २० ते ६९ वयाची, सगळ्यांच्या कानाची रीतसर टेस्ट झालेली. खालच्या-मधल्या सुरांना ऐकू कमी येणारे शुगरवाल्यांत २१ टक्के आणि बाकीच्यांत ९, वरच्या पट्टीत ५४ आणि ३२. वय, गोंगाट वगैरे धरूनही फरक उरलाच. कारण साधारण डोळ्यांसारखंच असावं असं मानतात, म्हणजे आतल्या कानात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ऐकण्याच्या पेशींना लागणारी बॅटरी तेच चार्ज ठेवतं, आणि शुगर पहिल्यांदा बारीक नळ्यांनाच खाते.

हवेचं प्रकरण वेगळ्याच दारातून आलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत चिंगहुआ सुन, संजय राजगोपालन या संशोधकांनी उंदरांना १० आठवडे तुपकट खाणं घातलं, मग २४ आठवडे काहींना पीएम २.५ वाली, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धुळीची हवा आणि काहींना गाळलेली, तर धूळवाल्यांचं इन्सुलिन जास्त बिघडलं. पण उंदीर ते उंदीर. माणसांवरचं मोठं काम अमेरिकेतल्याच सेंट लुईसच्या झियाद अल-अली यांचं, २०१८ चं, शुगर नसलेले १७ लाख माजी सैनिक आणि साडेआठ वर्षांचा मागोवा. मला यातली एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे आपलंच गणित खोटं तर नाही ना हे बघायला त्यांनी हवेतल्या सोडियमचा शुगरशी आणि धुळीचा पाय मोडण्याशी, म्हणजे जिथे संबंध असायलाच नको तिथे, संबंध लागतो का तेही तपासलं, आणि तो लागला नाही, म्हणजे बरंच झालं. जगात २०१६ मध्ये नव्याने शुगर झालेल्या अंदाजे ३२ लाख लोकांची केस त्यांनी धुळीच्या खात्यात टाकली.

आपल्याकडे २०२३ मध्ये दिल्ली-चेन्नईच्या साधारण १२ हजार लोकांवरचा अभ्यास आला, वर्षाची सरासरी पीएम २.५ घनमीटरमागे दहा मायक्रोग्रॅमने वाढली की शुगरचा धोका २२ टक्के जास्त.

राहिली तिसरी बाजू, हवा आणि कान. तिथे गोची अशी की धूर सोडतो तो ट्रक हॉर्नही वाजवतोच, मग कान धुराने गेला की हॉर्नने हे वेगळं काढायचं कसं?