शेवगा: पाला, शेंग आणि डब्यावरचे आकडे

शेवग्याच्या पाल्याची पावडर विकणाऱ्या डब्यांवर एक दावा हमखास दिसतो: संत्र्याच्या सातपट 'क' जीवनसत्त्व, दुधाच्या चौपट कॅल्शियम. दावा हवेतून आलेला नाही, पण तो पावडरीचाही नाही.

भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टकं 1937 साली निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून निघाली. ही प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला हलली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. संस्थेच्या जुन्या कोष्टकांत 100 ग्रॅम ताज्या पाल्यात 440 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 220 मिलिग्रॅम 'क' आहे. गाईच्या दुधात कॅल्शियम 120, संत्र्यात 'क' 30. भागाकार करून पाहा, चौपट आणि सातपट तिथेच सापडतात. शेंगेत मात्र कॅल्शियम जेमतेम 30, 'क' 120. आमटीतल्या शेंगा चोखून हाडं बळकट होतील अशी आशा ठेवणाऱ्यांनी पाल्याकडे वळलेलं बरं. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला पाल्याची भाजी होतेच, बाकी वर्षभर तिची आठवण कितींना येते कोण जाणे.

1990 च्या दशकात सेनेगलमध्ये चर्च वर्ल्ड सर्व्हिस या संस्थेच्या लोवेल फुगली यांनी कुपोषित मुलं आणि बाळंतिणींसाठी पाला वाळवून पावडर देण्याचा प्रयोग पुढे नेला. तिथून पावडर जगभर गेली आणि ताज्या पाल्याचे आकडे तिला चिकटले. पाणी उडाल्यावर कॅल्शियम आणि प्रथिनं वजनाच्या मानाने वाढतात, हे खरं. 'क' मात्र वाळवताना बहुतेक नष्ट होतं. शिवाय 2017 च्या नव्या कोष्टकांत ताज्या पाल्यातलं कॅल्शियम 314 वर आणि 'क' 108 वर आलं आहे. डबे जुन्याच आकड्यांवर आहेत.

आयुर्वेदाला या झाडाचं कौतुक पोषणासाठी नव्हतं, तिखटपणासाठी होतं. चरकसंहितेत शिग्रु, म्हणजे शेवगा, शिरोविरेचनाच्या (नाकावाटे डोक्यातला कफ काढणाऱ्या औषधांच्या) गणात मिरी, पिंपळी, मोहरी यांच्या पंगतीला बसतो. शेवगा आणि मोहरी वनस्पतिशास्त्रातही एकाच गणातले, आणि दोघांचा झणका आयसोथायोसायनेट या एकाच जातीच्या संयुगांचा. इंग्रज साहेब मुळं किसून जेवणात तोंडी लावत. आपण तसं करू नये, मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात.

अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे पेशींना ऑक्सिडीकरणाच्या झिजेपासून वाचवतात असं मानलं जाणाऱ्या द्रव्यांचं, प्रकरण सगळ्यात नवं. पाल्यात क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, क्लोरोजेनिक आम्ल अशी द्रव्यं भरपूर, म्हणून परीक्षानळीत तो चांगले गुण मिळवतो. पण नळीतला गुण आणि पोटात गेल्यावरचा परिणाम यांचा सरळ मेळ लागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर अशा मोजमापांची आपली यादीच 2012 मध्ये मागे घेतली, कारण जाहिरातदार तिचा मन मानेल तसा वापर करत होते.