बाळाला बरं नाही, पाळणाघरात पाठवू का?

पालकहो, नमस्कार.

पावसाळा लागला की पाळणाघरात कोणाचं ना कोणाचं नाक वाहतच असतं. नुसती सर्दी असेल, मूल खात-खेळत असेल तर खुशाल पाठवा. तेवढ्यासाठी आम्ही कोणालाही परत पाठवत नाही.

ताप मात्र आम्हाला कळलाच पाहिजे. सकाळी पॅरासिटामॉल पाजून सोडलेलं मूल दहा-अकरापर्यंत छान बागडतं. चार ते सहा तासांत औषधाचा असर उतरतो, मग ते मावशींच्या मांडीत येऊन पडतं आणि वरणभाताला तोंडही लावत नाही. तोवर सगळ्यांचे ठोकळे हाताळून, तोंडात घालून झालेले असतात. आधीचा डोस कधी दिला हे ठाऊक नसलं की पुढचा देताही येत नाही. ऐन वेळी रजा मिळणं किती कठीण असतं, हे आम्ही रोज बघतो. तरीही औषध दिलं असेल तर नाव, माप आणि वेळ दारातच सांगा. कोणी रागावणार नाही. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला की आम्ही फोन करतो. औषधाशिवाय 24 तास ताप आला नाही की मुलाला परत आणा.

सगळ्यात जास्त घबराट उडते ती हँड-फूट-माउथची. मूल अचानक लाळ गाळू लागतं, घास गिळताना रडतं; तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर लाल पुरळ दिसतं. हा विषाणूचा आजार, त्यामुळे अँटिबायोटिक मागू नका. बहुतेक मुलं 7 ते 10 दिवसांत बरी होतात. तिखट, आंबट टाळा. गार दूध, मऊ गार भात चालतो. पाणी पोटात जात राहिलं पाहिजे. फोड सुकल्यावरही विषाणू शीमधून कित्येक आठवडे बाहेर पडतो. म्हणून डायपर बदलल्यावर आमच्याकडे साबणानेच हात धुतात, सॅनिटायझरवर भागवत नाहीत. घरीही तसंच करा.

जुलाब थांबून 24 तास होईपर्यंत मूल घरी ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात एकदमच कालवायचं. अंदाजाने चमचाभर पेल्यात टाकलं तर प्रमाण चुकतं आणि घट्ट झालेलं पाणी बाळाला बाधू शकतं. डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरे करा.

कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत सुट्टी. गोवरात पुरळ उठल्यापासून किमान 4 दिवस. एमआर म्हणजे गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो. दुसरा राहून जातो, तेव्हा कार्ड एकदा काढून बघाच.

काही वेळा आम्ही तुमची वाट बघत थांबणार नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, किंवा एक ते पाच वर्षांचं मूल शांत असतानाही मिनिटाला 40 किंवा जास्त श्वास घेत असेल, तर थेट दवाखाना. आकडी आली तर आम्ही मुलाला कुशीवर वळवतो. कांदा हुंगवणं, दातांत चमचा घालणं यातलं काहीही करत नाही. आकडी 5 मिनिटांत थांबली नाही तर आधी 108 ला फोन, मग तुम्हाला.

यासाठी दिवसभर लागेल असा तुमचा एक नंबर आणि जवळच्या नातेवाइकाचा दुसरा नंबर आमच्या वहीत असू द्या. बदलला तर त्याच दिवशी कळवा.