थेट शेतातून भाजी: बाजार समितीच्या आधी आणि नंतर

शेतकऱ्याकडून थेट भाजी घेणे ही आता नवी कल्पना असल्यासारखी सांगितली जाते. गावोगावच्या आठवडी बाजारात ती कधी बंदच पडली नव्हती. प्रश्न आला तो शहरांचा. तिथे माल टेम्पो भरून जातो आणि पिकवणारा सहसा मालाबरोबर जात नाही.

आज शेतकऱ्याच्या वाटेतला अडसर म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते, ती नियंत्रित बाजाराची, म्हणजे आजच्या बाजार समित्यांची, व्यवस्था वऱ्हाडात सुरू झाली. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या (निजामाच्या दरबारातल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कार्यालयाच्या) आदेशाने कारंज्याला कापसाचा बाजार उभा राहिला. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा कमी आणि विलायतेतल्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा जास्त होता. शेतकऱ्याचा विचार पुढे आला. वजनात मारलेला काटा, रुमालाखाली बोटे दाबून ठरवलेला भाव, पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, मनमानी कापलेली अडत (दलाली) आणि हमाली या तक्रारी खऱ्या होत्या. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननेही नियंत्रित बाजारांची शिफारस केली. महाराष्ट्राचा आजचा पणन (शेतमाल विक्रीचा) कायदा १९६३ चा. उघड लिलाव, परवानाधारक अडते आणि चोख वजनमाप ही त्याची देणगी नाकारता येणार नाही.

पण संरक्षणासाठी बांधलेले बाजार समितीचे आवार हळूहळू कुंपण झाले. परवाने मोजक्यांच्या हाती राहिले आणि नव्या खरेदीदाराला आत शिरणे अवघड झाले. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या शेतातली मेथीची जुडी शेतकऱ्याने घरगुती गिऱ्हाइकाला विकायला या कायद्याने मनाई केली नव्हती. तशी सूट त्यात होती. अडचण होती ती घाऊक खरेदीदाराची.

इतर राज्यांनी वेगळी वाट धरली. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली, तर १९९९ मध्ये आंध्रात ‘रयतु बाजार’ आणि तमिळनाडूत ‘उळवर संदै’. शेतकऱ्यांना सरकारने ओट्यासारखी साधी जागा दिली, हाच त्यांचा मोठा भाग. २००३ मध्ये केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून आदर्श पणन कायदा मांडला, त्यानंतर महाराष्ट्रातही थेट पणनाचे परवाने आले. मोठे वळण जुलै २०१६ चे: आवाराबाहेरची फळे-भाजीपाला विक्री नियमनातून मुक्त झाली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले.

कायदा सैल झाला तरी अडत्याचे काम शिल्लक राहिलेच: प्रतवारी, वाहतूक, उधारी आणि संध्याकाळी न खपलेल्या मालाचे काय करायचे ते. शिवाय ग्राहकाला बारा महिने टोमॅटो आणि फ्लॉवर हवा, तर एका शेतात हंगामात दोन-चारच पिके असतात. म्हणून एकट्या शेतकऱ्यापेक्षा गटांचे बरे चालते; एकाची भेंडी, दुसऱ्याचा पालक. २०२० च्या टाळेबंदीत अशा गटांनी सोसायट्यांच्या दारात भाजी पोहोचवली, कारण घाऊक बाजार अधूनमधून बंद होते.

त्याच वर्षी केंद्राचे तीन कृषी कायदे आले, त्यांतला एक आवाराबाहेरच्या विक्रीला मोकळीक देणारा; ते २०२१ मध्ये मागे घेतले गेले. त्यांचा आणि राज्याच्या २०१६ च्या बदलाचा गोंधळ अजून होतो. केंद्राचे कायदे गेले म्हणून महाराष्ट्रातला भाजीपाला पुन्हा आवारात कोंडला गेला नाही.