मॅमोग्राममधल्या दोन समांतर रेषा

फौजेत असेपर्यंत दरवर्षीचं मेडिकल चुकत नाही. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधली पूर्ण नोकरी संपवून लातूर, नांदेड किंवा परभणीला परतलेल्या बाईला मात्र तपासणीला या म्हणून कुणी बोलावत नाही. त्याच सुमाराला पाळी गेलेली असते, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि रक्तवाहिन्यांना असलेलं त्याचं संरक्षणही जातं. स्तनातल्या गाठीची निदान धास्ती तरी असते. हृदयविकाराने त्याहून कितीतरी जास्त बायका दगावतात, पण त्याची भीती कुणाला वाटत नाही.

मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, या दोन्हींबद्दल काही सांगतो. त्यात प्रत्येक स्तनाचे दोन फोटो निघतात, एक वरून आणि एक तिरका. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो. दुखतं, पण तेवढंच. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि फोटो पुन्हा काढावा लागतो.

रिपोर्ट हातात आला की ‘व्हॅस्क्युलर कॅल्सिफिकेशन’ हे शब्द शोधा. फोटोत ते रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेषांसारखं दिसतं: स्तनाच्या धमनीच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियम. कर्करोगाच्या दृष्टीने ते निरुपद्रवी, म्हणून पुढे ‘बिनाइन’ लिहिलेलं असतं आणि कागद कपाटात जातो. इथेच चुकतं. अमेरिकेत 60 ते 79 वयाच्या 5,059 स्त्रियांवरचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. हे कॅल्शियम असलेल्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका 51 टक्क्यांनी जास्त आढळला. याचा अर्थ हृदयात ब्लॉकेज आहेच असा नाही. ते कॅल्शियम धमनीच्या मधल्या थरातलं, ब्लॉकेज आतल्या थरात होतं. पण रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जायला एवढं कारण पुरे. रक्तदाब, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) करून घ्या आणि टेपने कंबर मोजा. 80 सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल तर सावध व्हा.

डॉक्टर विचारोत न विचारोत, काही गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का? गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली का? बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, पण अंडाशयं लवकर गेली की हृदयाचा धोका वाढतो हा मुद्दा मागेच राहिला. आणि मिश्री! दात घासायची मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, तरी ‘मी तंबाखू खात नाही’ असंच उत्तर येतं. नोकरीतल्या आघातामुळे झोप उडाली असेल, दचकायला होत असेल, तर तेही सांगा. अमेरिकेतल्या माजी महिला सैनिकांमध्ये अशा आघातोत्तर तणावासोबत हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

झटका आला तरी बाईची छाती दरवेळी आवळून येतेच असं नाही. धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, थंड घाम, एकाएकी गळून जाणं. घरात त्याला पित्त किंवा उसण म्हणतात आणि ओवा दिला जातो. थेट 108 लावा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) काही तासांनी पुन्हा करायला सांगा.

घरी स्वतः स्तन तपासायचा तो पाळी सुरू झाल्यावर सात ते दहा दिवसांनी. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवून. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत, गळपट्टीच्या हाडापासून स्तनाच्या खालपर्यंत आणि काखेतही. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नये; कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. सुई टाकून तपासल्याने ती पसरते, हा गैरसमज आहे.

कर्करोगाचं निदान झालंच तर हृदयाचा प्रश्न पुन्हा येतो. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब ही स्तनाच्या कर्करोगावरची औषधं हृदयाचं पंपिंग कमी करू शकतात. म्हणून सुरू करण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा, आणि ट्रास्टुझुमॅब चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी. डाव्या स्तनाला रेडिएशन असेल तर ‘श्वास रोखून देता का’ हे विचारा. खोल श्वासाने फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरतं. वीसेक सेकंद श्वास धरण्याचा सराव आधी घरीही करता येतो.