बडोद्यात जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताय? आरसीवर नाव चढेपर्यंतचा सगळा रस्ता

गाडी बघायला निघालो की घरात चर्चा होते ती रंगाची, सनरूफची आणि मायलेजची. आरसी बुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, आठवतं ते टोकन देऊन झाल्यावर. माझं सांगणं असं, की आधी कागद बघा, मग गाडी चालवून बघा आणि आरसीवर नाव चढेपर्यंत व्यवहार झाला असं समजू नका. विकणाऱ्यालाही हेच लागू आहे, किंबहुना त्याला जास्त.

माझ्या मावसभावाने ओळखीतल्या एका गृहस्थांना आपली गाडी विकली. दांडिया बाजारातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या झाल्या. तारखेच्या रकान्याशी त्याचं पेन थांबलं, तर सोबत आलेला एजंट म्हणाला, "ती कोरी ठेवा दादा, मी भरून घेतो." त्याने कोरी ठेवली. त्यानंतर वर्षभर ई-मेमो (वाहतूक दंडाच्या नोटिसा) त्याच्याच घरी येत राहिले, कारण एजंटने ते फॉर्म कुठे दिलेच नव्हते. मेमोचे पैसे भरून सुटका होते, पण अपघात झाला असता तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आरसीवर ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक. मधे गाडी कितीही हात फिरली असली तरी नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून तारीख स्वतःच्या हाताने, त्याच दिवशी, त्याच टेबलावर लिहा. वेळसुद्धा लिहा.

नवी की जुनी, हे आधी कराच्या हिशेबाने बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि जुन्या गाड्यांच्या किमतींचं गणितही बदललं. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असलेल्या गाडीवर आता १८ टक्के कर आहे. आधी सेससकट पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के होता. नेक्सॉन आणि व्हेन्यू या मापात बसतात. ब्रेझाची लांबीही चार मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे तिच्यावर ४० टक्के. क्रेटा चार मीटरहून लांब, तिलाही ४० टक्केच.

याचा अर्थ एवढाच, की दोन वर्षं वापरलेल्या छोट्या एसयूव्हीची किंमत कुणी जुन्या बिलावरून काढून सांगत असेल, तर त्याला आजच्या नव्या गाडीचं कोटेशन दाखवा. किमतीतला साडेआठ ते दहा टक्क्यांचा फरक नवी गाडी घेणाऱ्याला आधीच मिळालेला असतो. घरगुती विक्रीत, म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपली गाडी विकली तर, जीएसटी नसतो. डीलरकडून घेतली तर त्याला त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के भरावा लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. बिलात पूर्ण रकमेवर जीएसटी चढवलेला दिसला तर तिथेच विचारा.

नव्या गाडीचं काम सोपं असतं. फॉर्म २०, २१ आणि २२ डीलरच जमा करतो, आपल्याकडून आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि फोटो घेतो. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर तो एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) घेतो, तो आयकर रिटर्नमध्ये वळता करून घ्यायला विसरू नका. ज्यांची नोकरी केंद्र किंवा राज्य सरकारात, संरक्षण दलात, सार्वजनिक उपक्रमात किंवा चार अथवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीत आहे, त्यांना बीएच (भारत) मालिकेचा नंबर मिळतो. बदलीची नोकरी असेल तर तो जरूर घ्या, कारण कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि राज्य बदललं की नंबर बदलत बसावं लागत नाही.

टोकन देण्याआधी

परिवहनच्या वेबसाइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, कर्जाचा बोजा कुणाचा, गाडी ब्लॅकलिस्ट केली आहे का, हे सगळं समोर येतं. मग ई-चलानच्या पानावर थकलेले मेमो बघा, कारण मेमो बाकी असले की मालकी बदलाचा अर्ज अडतो. विकणारा म्हणतो "सिंगल ओनर" आणि पानावर दुसरा मालक दिसतो, असंही होतं. मूळ आरसी हातात घेऊन चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या अंकांशी एकेक करून जुळवा.

बडोद्यात आणखी एक गोष्ट बघायलाच हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात आल्या. वरून काही कळत नाही. पुढच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. जो भाग एरवी खांबाच्या आत गुंडाळलेला असतो, तिथे मातकट आडवी रेघ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात हात फिरवा, कोपऱ्यात गाळाची बारीक पूड राहते. सीटच्या खालचे नटबोल्ट गंजले आहेत का ते बघा. आणि विकणाऱ्याकडून त्या वर्षीच्या विमा क्लेमची माहिती लेखी मागा. विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडची) ठरवलेली गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, तिच्या कागदांचा घोळ आयुष्यभर सुटत नाही.

गाडी गुजरातचीच असेल तर

जीजे ०६ ची गाडी बडोद्यातच विकली जात असेल, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत फॉर्म २९ ने कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत फॉर्म ३० ने अर्ज करायचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० मध्ये ही मुदत आहे. अर्ज परिवहनच्या वेबसाइटवरून सुरू होतो. गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच अंक टाकले की आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. गाडी अडते ती बहुतेक इथेच, कारण तो मोबाइल नंबर दहा वर्षांपूर्वीचा, बंद पडलेला असतो. व्यवहार ठरायच्या आधीच विकणाऱ्याला मोबाइल नंबर अद्ययावत करून घ्यायला सांगा.

कागद लागतात ते असे: मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांचे पॅन (नसेल तर त्याऐवजीचं घोषणापत्र), दोघांचे आधार, घेणाऱ्याचा बडोद्यातला पत्ता दाखवणारा पुरावा, फोटो आणि चासी नंबरचं पेन्सिल ट्रेसिंग (कागदावर पेन्सिल घासून उमटवलेला ठसा). आधारवरचा पत्ता जुना असेल तर एमजीव्हीसीएलचं वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार जोडा. फॉर्म २९ दोन प्रतींत असतो, त्यातली एक नोंद होऊन विकणाऱ्याकडे परत यायची असते. ती मागून घ्या आणि जपून ठेवा. सही आरसीच्या नोंदीतल्या सहीशी जुळायला हवी. वडीलधाऱ्यांची सही वर्षांनुवर्षांत बदललेली असते, तेवढ्यावरून अर्ज परत आलेला मी पाहिला आहे.

केंद्राच्या नियमांप्रमाणे हलक्या खासगी वाहनाची नोंदणी फी ६०० रुपये आणि मालकी बदलाची तिच्या निम्मी, म्हणजे ३००. त्यावर स्मार्ट कार्डाचे आणि इतर सेवेचे पैसे. एजंट जो आकडा सांगतो त्यातला किती सरकारजमा होतो, हे ऑनलाइन पावतीवर दिसतं.

गाडीवर कर्ज असेल तर आधी तो बोजा उतरवा. बँकेचं ना हरकत पत्र आणि बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रतींत. पत्रावर तारीख असते, ते जुनं झालेलं चालत नाही. "कर्ज केव्हाच फिटलंय" या शब्दावर पैसे देऊ नका, आरसीवरून बँकेचं नाव गेलं का ते बघा. तुम्ही स्वतः कर्ज काढून घेत असाल तर फॉर्म ३४ जोडला जातो.

पैसे टप्प्याने द्या आणि बँकेतून द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, आणि दंड रोख घेणाऱ्याला बसतो. मी थोडी रक्कम नाव बदलल्यावर द्यायची असं करारातच लिहायला सांगतो. सरळ माणूस त्याला नाही म्हणत नाही.

पुण्याच्या काकांची गाडी

आपल्या मराठी घरांत हे फार होतं. काका पुण्यात, नवी गाडी घेतात आणि जुनी पुतण्याला देतात: "घेऊन जा रे, आपल्यातच आहे." एमएच १२ ची गाडी कारेलीबागेत येते आणि तशीच वर्षानुवर्षं फिरते. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बारा महिने चालतं."

इथे दोन वेगळ्या नियमांची गल्लत होते. बारा महिन्यांची सवलत कलम ४७ मधली आहे आणि ती दुसऱ्या राज्यात गाडी ठेवण्याबद्दल आहे, मालक तोच असताना. मालक बदलला की कलम ५० ची तीस दिवसांची मुदत लागू होते. पैसे घेतले नाहीत, भेट दिली, तरी मालकी बदललीच. काकांना काही होऊ नये असं मनापासून वाटत असेल तर त्यांच्या नावावर गाडी फिरवू नका.

रस्ता असा आहे. काका पुण्याच्या आरटीओकडे फॉर्म २८ ने एनओसी (ना हरकत पत्र) मागतात, तीन प्रतींत, सोबत चासीचं ट्रेसिंग, आरसी, विमा, पीयूसी. मेमो आणि कर बाकी नसावेत. एनओसीवर बडोदा आरटीओचं नाव बरोबर पडलंय का ते नीट वाचा. अहमदाबादचं पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. परराज्यात विकलेल्या गाडीसाठी विकणाऱ्याला एनओसीसह कळवायला पंचेचाळीस दिवस मिळतात. मग दरजीपुऱ्याच्या आरटीओत फॉर्म २७ नव्या नंबरसाठी आणि फॉर्म २९-३० मालकीसाठी, दोन्ही एकत्र द्या. गाडी दाखवायला न्यावी लागते, तेव्हा सकाळी लवकर निघा.

गुजरातमध्ये कर नव्याने भरावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे. इथे खासगी मोटारीचा मूळ दर सहा टक्के आहे, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला अकरा. म्हणजे काकांनी तिकडे बराच जास्त भरलेला असतो, आणि उरलेल्या वर्षांचा कर महाराष्ट्राच्या आरटीओकडून परत मागता येतो. त्यासाठी इकडे नोंदणी झाल्याचा पुरावा लागतो. परतावा कुणाचा, काकांचा की पुतण्याचा, हे आधीच बोलून घ्या. नात्यात पैशाचं नंतर बोलणं अवघड जातं. नवा जीजे ०६ नंबर मिळाला की नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवावी लागते.

वडिलांच्या नावावरची गाडी

मालक गेल्यावर गाडी तशीच वापरत राहणं बरोबर नाही. तीस दिवसांत आरटीओला कळवलं तर तीन महिने वापरता येते आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने अर्ज करायचा असतो. मृत्यूचा दाखला, पेढीनामा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. महाराष्ट्रातले नातेवाईक वारस दाखला म्हणतात, इथे तलाठ्याकडून पेढीनामा घ्यावा लागतो. आई, बहीण, भाऊ सगळ्यांच्या सह्या एका दिवशी घ्यायच्या असतील तर तेराव्याला सगळे घरात असतात. जड वाटतं, पण नंतर एकेकाला गाठताना महिने जातात.

डीलरला विकताना आणि विम्याचं

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला जातो आणि तिथून पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते. अधिकारपत्र नसेल तर त्याच्या ताब्यात गाडी सोडू नका, आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या तर कुणालाच देऊ नका.

गाडी घेणाऱ्याने विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, पण तुमच्या गाडीला धक्का लागला तर त्याचा क्लेम पॉलिसीवर तुमचं नाव असल्याशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत) गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो विकणाऱ्याकडे राहतो आणि त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येतो. पन्नास टक्क्यांपर्यंतचा बोनस लोक नुसतं पत्र न मागितल्याने घालवतात. विकणाऱ्याने फास्टॅगही त्याच दिवशी बंद करावा, नाहीतर घेणारा एक्स्प्रेसवेने अहमदाबादला जाईल आणि टोल विकणाऱ्याच्या खात्यातून कापला जाईल.

नवी आरसी आली की आडनावाचं स्पेलिंग आधारशी जुळवा, चासीचे अंक पुन्हा वाचा, आपला मोबाइल नंबर जोडा. आणि २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव नोंदवता येतं, ते त्याच आठवड्यात नोंदवून टाका.