ओपनिंग बुक: बळ इंजिनाचं की उसनं?

आज दोन बुद्धिबळ इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमची, तुलना करायची तर दोघांनाही एकाच ठरलेल्या स्थितीतून खेळवतात, मग रंग बदलून तीच स्थिती पुन्हा देतात. ही शिस्त बरीच उशिरा आली. त्याआधी जो तो आपलं ओपनिंग बुक, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार खेळ्यांचा साठा, घेऊन यायचा आणि जिंकला कोण, इंजिन की बुक, हे कळायला मार्ग नसायचा.

१९६६-६७ मध्ये एमआयटीत रिचर्ड ग्रीनब्लाट यांनी ‘मॅक हॅक’ हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा त्याचं बुक तयार करणाऱ्यांत लॅरी कॉफमन हा विद्यार्थी होता. तेव्हाची यंत्रं इतकी मंद की पाठ केलेली प्रत्येक खेळी म्हणजे वाचलेला वेळ. पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी ‘बेल’ या बुद्धिबळ-यंत्रासाठी संदर्भग्रंथांतल्या सुमारे तीन लाख खेळ्या टाइप केल्या, रोज तासभर, जवळपास तीन वर्षं! पण पाठांतराची एक खोट होती. बुक एखाद्या गॅम्बिटच्या (चांगल्या स्थितीसाठी प्यादं सोडून देणाऱ्या ओपनिंगच्या) मध्यावर संपलं की इंजिनाला दिसायचं फक्त गेलेलं प्यादं. ते परत मिळवायच्या नादात चांगली स्थिती हातची जायची.

१९९७ मध्ये आयबीएमचा संगणक डीप ब्लू आणि जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांच्या सामन्यात नेमकं उलट घडलं. डीप ब्लूचं मुख्य बुक जेमतेम चार हजार स्थितींचं, पण मुख्यतः जोएल बेंजामिन यांनी हाताने घडवलेलं. सहाव्या डावात कास्पारोव्ह यांनी कारो-कान या ओपनिंगमध्ये सातव्या खेळीला एच-६ वर प्यादं सरकवलं आणि डीप ब्लूने ई-६ वर घोड्याचा बळी दिला. तेव्हाची इंजिनं असा बळी सहसा देत नसत. हा बळी बुकातला होता. त्याच सकाळी भरलेला, असं चमूतले ग्रँडमास्टर मिगेल इलेस्कास यांनी नंतर सांगितलं. डाव १९ खेळ्यांत संपला.

घरगुती संगणकांवरच्या प्रोग्रॅममध्ये मात्र बुकाचं हत्यार झालं. प्रतिस्पर्ध्याचं बुक कुठे अडखळतं ते शोधायचं आणि ती ओळ आपल्या बुकात पेरायची. इंजिन तेच ठरल्याप्रमाणे खेळणार, म्हणजे तोच डाव पुन्हा जिंकता येणार. रेटिंग वाढायचं, खेळ होता तिथेच. उपाय म्हणून क्राफ्टीसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘बुक लर्निंग’ आलं: बुक संपल्यावर स्थिती बिघडली तर ती ओळ पुढे टाळायची. ग्रँडमास्टर जॉन नन यांनी निवडलेल्या दहा स्थितींची चाचणी मला जास्त प्रामाणिक वाटते. तिथे बुकच बाजूला ठेवलं जातं.

२०१७ मध्ये स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझिरोने स्टॉकफिश ८ या अव्वल इंजिनाला १०० डावांत २८ विजय आणि ७२ बरोबरींनी हरवलं, तेव्हा स्टॉकफिशला बुक दिलं नव्हतं ही तक्रार लगेच झाली. पुढच्या वर्षीच्या शोधनिबंधात बुकासह खेळणाऱ्या स्टॉकफिशलाही त्याने मागे टाकलं.

आता अडचण वेगळीच आहे. समतोल ओपनिंग दिलं की अव्वल इंजिनं बरोबरीवर बरोबरी करतात आणि ताकदीतला फरक दिसतच नाही. म्हणून चाचणीची बुकं मुद्दाम पांढऱ्याकडे झुकलेली असतात: सरस इंजिनाने पांढऱ्या बाजूने जिंकावं, काळ्या बाजूने तग धरावा. टीसेक या इंजिनांच्या स्पर्धेसाठी अशी ओपनिंगं निवडणाऱ्यांत येरून नोमेन आहेत. रेबेल आणि रिब्का या इंजिनांना जिंकून देणारी बुकं बांधणारे तेच.